घरचा टोन स्टेजवर पोचवायचा : स्टुडिओ मॉनिटर निवडतानाच्या नोंदी (परळ, जून ते ऑक्टोबर २०२५)

मी वाद्यवृंदात गिटार वाजवतो. चित्रपटगीतं, कोळीगीतं, भावगीतं, लग्नाच्या हळदीला जे मागतील ते. लोकलमधून अँप नेणं जमत नाही, म्हणून चार वर्षांपासून लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प (अँप आणि इफेक्टचे आवाज काढणारा छोटा पेडल) पाठीवरच्या बॅगेत टाकतो आणि हॉलमध्ये तो सरळ मिक्सरला लावतो. टोन घरी बनतात, वाजतात हॉलच्या स्पीकरवर. या दोन्हींचा मेळ बसवण्यासाठी स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे आवाज न सजवता आहे तसा ऐकवणारे स्पीकर, घ्यायचे ठरवले. माझ्यासारख्याच छोट्या खोलीत हे करू पाहणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय.

२२ जून

काल उपनगरातल्या एका नाट्यगृहात कार्यक्रम झाला. कुणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग आज तीनदा ऐकलं. रिदमच्या टोनला खाली नुसता घुमारा आहे, ढोलकीची धूम त्यात बुडालीय. लीडला उलटा प्रकार. वरच्या तारा कानाला टोचतात. पहिल्या सोलोला साउंडवाल्या दादांनी मिक्सरवरचा माझा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेतला तो गाणं संपेपर्यंत वर आलाच नाही.

मध्यंतरात दादा म्हणाले, "भाऊ, तुझा लो काढला, हाय काढला, आता चॅनलमध्ये नुसता टेलिफोन उरलाय. घरी कशावर ऐकतोस तू?"

घरी हेडफोनवर ऐकतो, रात्री अकरानंतर, अगदी हळू. चूक तिथेच आहे. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि वरचे स्वर मधल्यांपेक्षा कमी ऐकू येतात. मी रात्री ती कमी भरून काढायला बास आणि ट्रेबल चढवत होतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की कान तेच स्वर नीट ऐकतो, आणि मी चढवलेलं सगळं अंगावर येतं.

२९ जून

धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात गेलो. गिटार आणि स्टॉम्प सोबत नेला. दुकानात दुसऱ्यांची गाणी ऐकून आपल्याला काही कळत नाही, आपलाच वाईट टोन वाजवून बघायचा. त्या नाट्यगृहातल्या कार्यक्रमातला तोच लीड टोन चार जोड्यांवर वाजवला. पाच इंचीत यामाहा एचएस-५, जेबीएल ३०५पी मार्क टू आणि ॲडम टी-५व्ही, शिवाय एका कंपनीचे आठ इंची.

आठ इंचीवर ई तारेचा पाम-म्यूट (तळहाताने तार दाबून काढलेला ठोका) छातीत लागला. मोठा स्पीकर म्हणजे हॉलच्या जवळ, असं मनाशी ठरवून टाकलं. तीन दिवसांनी तसलीच जोडी एकाकडे सेकंडहँड मिळाली, ४६,००० रुपयांना. दुकानाचा हॉल वीस फुटांचा आणि माझी खोली दहा बाय दहा, हा विचार तेव्हा केला नाही. ही या कामातली सगळ्यात महागडी चूक.

५ जुलै

खुर्ची खोलीच्या मधोमध येईल असं टेबल लावलं, स्पीकरच्या कोनपासून त्यांच्या मागची भिंत दोन फुटांवर. गिटारवर ई पासून एक एक पडदा चढत गेलो, सगळे स्वर एकाच जोराने वाजवले. मोकळी ए तार आणि तिचा पहिला पडदा यांवर खिडकीची काच थरथरली. मोकळी डी तार मात्र अशी गेली, जणू कुणी वर हात ठेवलाय. पिकअपमधून दोन्ही सारख्या येतात, हेडफोनवर तपासलं.

ए तारेचा घुमारा घालवायला स्टॉम्पमध्ये ११५ हर्ट्झला ५ डीबी कापले. खोलीत छान वाटू लागलं. सगळे बारा पॅच (स्टॉम्पमध्ये साठवलेले टोन) तसेच सेव्ह केले.

१३ जुलै

मंडळाच्या हॉलमध्ये तालीम. बारा इंची पॉवर्ड स्पीकरवर गिटार पोकळ. ए च्या कॉर्डला अंगच नाही. कीबोर्डवाला म्हणाला, "गिटार आहे का आज?" म्हणजे गेल्या वेळी घुमत होती, या वेळी गायब. दोन रविवार आणि बारा पॅच वाया गेले.

१५ जुलै

आज बसून हिशोब केला. तो इथे सविस्तर देतो, कारण मुंबईत बऱ्याच जणांच्या खोल्या अशाच असतात.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये कुठला स्वर साचून घुमतो ते अंतरावर ठरतं : आवाजाचा वेग भागिले अंतराची दुप्पट. आपल्या उकाड्यात वेग सेकंदाला साधारण ३४९ मीटर धरा. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. उत्तर येतं ५७ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ११४. गिटारची सगळ्यात खालची ई तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे ५७ शी आपलं देणंघेणं नाही. पण मोकळी ए तार ११० आणि तिचा पहिला पडदा ११६.५. ११४ बरोबर त्यांच्या मध्ये बसतो. त्यातून माझी खोली चौरस, म्हणजे लांबीतून ११४ आणि रुंदीतूनही ११४. आणि या दुसऱ्या पटाचा, म्हणजे ११४ चा, दाब भिंतींवर जितका असतो तितकाच खोलीच्या मधोमध असतो. मी बरोबर तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो.

डी तारेचं कारण वेगळं. स्पीकरमधून मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो. कोनपासून भिंतीचं अंतर ज्या स्वराच्या लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतकं असेल, त्या स्वराला परतलेला आवाज मूळ आवाजाला खातो. दोन फुटांना हा खड्डा १४३ हर्ट्झला पडतो, आणि मोकळी डी आहे १४७.

म्हणजे मी ऐकत होतो ती खोली. तिला दुरुस्त करायला मी टोन कापला, आणि खोली काही माझ्यासोबत हॉलवर येत नाही.

एका मित्राकडून मोजणीचा माइक आणला, रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. आलेखात ११५ च्या आसपास उंचवटा आणि १४० च्या पुढे खड्डा, दोन्ही दिसले. कागदावरचा हिशोब पडद्यावर तसाच उमटलेला पाहून बरं वाटलं.

२० जुलै

आठ इंची विकले. ४०,००० आले, सहा हजारांचा तोटा. स्पीकर उत्तम होते, म्हणूनच कंपनीचं नाव लिहीत नाही. दहा बाय दहात ते नुसते भिंती हलवत होते.

आता पाच इंचीपैकी कुठले? दुकानात काढलेल्या टिपणांवरून ठरवलं. माझा टोचणारा लीड टोन ॲडमवर गोड वाटला होता, जेबीएलवर भरदार, आणि एचएस-५ वर तितकाच वाईट, जितका त्या नाट्यगृहात. मला जो त्रास दादांना होतो तो घरीच व्हायला हवा. एचएस-५ वरचे मिड्स (मधले स्वर) पुढे येतात, दोन ते चार किलोहर्ट्झमधलं टोचणं झाकत नाहीत, आणि गिटारचं भांडण गायकाशी असतं ते याच पट्ट्यात. यामाहाचा पांढऱ्या कोनचा एनएस-१० हा १९७८ मध्ये खरं तर घरगुती स्पीकर म्हणून आला, पण जगभरच्या स्टुडिओत टिकला तो याच मिड्समुळे. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. एचएस मालिकेचे पांढरे कोन त्याचीच आठवण आहेत.

खाली ५४ हर्ट्झपर्यंत (तेही १० डीबी पडून) जातात असं कंपनी सांगते. आपल्याला ८२ च्या खाली काही नको आणि दादा तसाही १०० च्या खाली फिल्टर लावतात. वर्षभर वापरलेली जोडी २२,५०० ला मिळाली.

जो रेकॉर्डिंग-मिक्सिंग करतो, बास आणि किक तपासतो, त्याने माझं ऐकू नये. ही निवड फक्त गिटारच्या टोनसाठी आहे.

२६ जुलै

जागा बदलली. एचएस-५ ची खोली २२ सेंटिमीटर, त्यामुळे मागे वायरपुरती फट ठेवून कोन भिंतीपासून एका फुटावर आणता आला. खड्डा २८६ हर्ट्झला सरकला आणि उथळ झाला. भिंतीजवळ आल्याने बास फुगला, तो मागच्या रूम कंट्रोलच्या बटणाने उणे २ डीबी करून घेतला.

दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून अडीच-अडीच फुटांवर ठेवले. खोलीच्या रुंदीचा पाव भाग म्हणजे दुसऱ्या पटाची शून्याची जागा, तिथून ११४ ला जोर मिळत नाही. कान समोरच्या भिंतीपासून तीन फूट दहा इंचांवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. पुस्तकातला समभुज त्रिकोण यात होत नाही, स्पीकर जरा जास्तच पसरलेले वाटतात. ते चालवून घेतलं.

फक्त या हलवाहलवीने ए तारेवरची काच थरथरायची थांबली. एक पैसा न लागता जेवढा फरक पडला तेवढा नंतर कशानेच पडला नाही.

३ ऑगस्ट

रॉकवूलचे स्लॅब आणले, ४८ किलो घनतेचे, दोन इंची. दोन-दोन जोडून चार इंची तीन पॅनेल. सुताराने चौकटी करून दिल्या, कापड मंगलदास मार्केटमधून. स्लॅब हाताळताना फुल बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. मी पहिल्या दिवशी नुसत्या हातांनी केलं आणि दोन रात्री खाजवत काढल्या. दोन पॅनेल समोरच्या कोपऱ्यांत उभी केली, एक मागच्या भिंतीला चिकटवून टांगलं.

याच दिवशी स्पीकरमधून गुणगुण यायला लागली. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबते. आमची इमारत जुनी, अर्थिंगचा भरवसा नाही. चार्जरची अर्थ पिन तोडून टाकण्याचा सल्ला दोघांनी दिला. तो कुणीही ऐकू नये, शॉक लागेल. खरं कारण केबल होती. लॅपटॉपचा आवाज स्पीकरला देणाऱ्या इंटरफेसला बॅलन्स्ड आउट (बाहेरची गुणगुण खोडणारी जोडणी) असून मी साध्या गिटारच्या केबल लावल्या होत्या. लॅमिंग्टन रोडवरून टीआरएस ते एक्सएलआर दोन केबल करून घेतल्या, १,३५० रुपये. गुणगुण गेली.

१० ऑगस्ट

मागचं पॅनेल काढून बघितलं तर कापडावर काळे ठिपके. ती भिंत पावसाच्या बाजूची, तिला दरवर्षी ओल येते. पॅनेल चिकटून टांगल्याने वारा बंद झाला आणि आठवड्यात बुरशी धरली. कापड फेकलं, स्लॅब गॅलरीत दोन दिवस वाळवला. आता मागे लाकडी पट्ट्या ठोकून दोन इंच फट ठेवलीय. फट असली की खालचे स्वरही जास्त शोषले जातात, हे आधीच करायला हवं होतं. कापडाचे ११०० पुन्हा गेले.

१२ ऑगस्ट

आवाजाची पातळी ठरवली. पिंक नॉइज (मोजणीसाठीचा एकसारखा सरसराट) लावला, कानाच्या जागी मोबाइल धरला, आवाज मोजायच्या ॲपमध्ये सी वेटिंग आणि स्लो. इंटरफेसची खुंटी फिरवत ८० डीबीवर आणली आणि तिथे लाल टेपचा बारीक तुकडा चिकटवला. ६५ ला निळा. मोबाइलचा माइक अचूक नसतो, पण रोज त्याच खुणेवर परत येता आलं म्हणजे पुरे.

नियम एकच ठेवलाय : निळ्या खुणेवर बनवलेला टोन सेव्ह करायचा नाही. निळ्यावर बोटांचा सराव, लालवर ईक्यू (स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणं). लाल खूण दुपारी अकरा ते एक एवढीच वापरतो. खालच्या मजल्यावरच्या मावशींना जाऊन सांगून आलो. त्या म्हणाल्या, "वाजव रे, पण एकच तुकडा शंभरदा नको वाजवूस, पूर्ण गाणं वाजव." तेव्हापासून ईक्यू लावतानाही पूर्ण गाणं वाजवतो. त्यातून हेही कळलं, की एकटा तुकडा ऐकून लावलेला ईक्यू गाण्यात बसत नाही.

१७ ऑगस्ट

दादांकडून बारा इंची पॉवर्ड स्पीकर एका दिवसासाठी आणला, भाडं ८००. मंडळाचा हॉल रिकामा मिळाला. घरी बनवलेले पाच टोन एकेक वाजवले आणि जिथे काही खटकलं तिथे वहीत आकडा लिहिला.

खाली सगळं जुळलं. ए आणि डी दोन्ही घरच्यासारख्या. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मान वर करून, डोळे मिटून वाजवलं.

वर मात्र नाही. ओव्हरड्राइव्हला सात-आठ किलोहर्ट्झला एक फसफस होती, सोड्याची बाटली उघडल्यासारखी. घरी ती सौम्य होती, इथे हॉर्नमधून थेट कानात. गिटार अँपचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, म्हणून त्यात हे ऐकूच येत नाही. पण मी स्टॉम्पमध्ये निवडलेल्या कॅबच्या आयआरमध्ये (अँपच्या स्पीकर-खोक्याच्या आवाजाची डिजिटल छाप) माइक कोनच्या अगदी मधोमध धरलेला होता. तिथला आवाज सगळ्यात उजळ असतो. माइक कडेला सरकवलेला आयआर घेतला, त्यावर ६.५ किलोहर्ट्झला हाय कट आणि १०० ला लो कट. घरी येऊन तेच एचएस-५ वर ऐकलं, तेव्हा त्या फसफशीची ओळख कानाला पटली. आता ती घरीच सापडते.

मॉनिटर कुठलेही घ्या, हा एक दिवस चुकवू नका. दोन्ही ठिकाणी एकच टोन लागोपाठ ऐकल्याशिवाय आपला मॉनिटर कशाबद्दल खोटं बोलतो हे कळत नाही.

२४ ऑगस्ट

गणपतीच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम. नवी फजिती. भावगीताच्या क्लीन टोनला मी स्टीरिओ कोरस आणि डावीकडून उजवीकडे उडणारा डिले लावला होता. घरी दोन स्पीकरमध्ये बसून ऐकताना खोली समुद्रासारखी वाटायची. हॉलमध्ये सगळं मोनो, डावं-उजवं वेगळं नाहीच. दादांकडे माझ्यासाठी एकच लाइन, त्यांनी फक्त डावा आउट घेतला. डिलेचे अर्धे ठोके गेले, गाण्याचा ताल लंगडला. मग दोन्ही आउट एकत्र केले तर कोरसच्या दोन बाजू एकमेकींना खाऊन बसल्या आणि टोन पातळ झाला.

रात्री घरी येऊन सगळे पॅच मोनो केले. उजवा एचएस-५ बंद करून एकट्या डाव्यावर टोन लावतो आता. एकाच स्पीकरवर टोन कमी देखणा लागतो, पण गाण्याच्या मागे कुठे बसतोय ते स्पष्ट कळतं. ज्याला बजेट नाही त्याने एकच मॉनिटर घ्यावा, जोडीचा आग्रह धरू नये. हे मी जूनमध्ये कुणाकडून ऐकलं असतं तर अर्धे पैसे वाचले असते.

३० ऑगस्ट

चौथ्या दिवशीचा कार्यक्रम, मंडप गच्च. साउंडचेकला जेमतेम दहा मिनिटं. दादांनी माझा चॅनल उघडला, ईक्यू सपाट ठेवला, ए ची कॉर्ड वाजवायला सांगितली. मग अडीचशेच्या आसपास एक खुंटी किंचित खाली घेतली आणि ढोलकीकडे वळले. एवढंच.

कोळीगीतात ढोलकी आणि माझा रिदम दोन्ही वेगवेगळे ऐकू येत होते. सोलोला फेडर वर गेला. मी तो जाताना पाहिला.

एक गोष्ट खटकली. माझ्या पायाशी ठेवलेल्या स्टेज मॉनिटरवर खालचा भाग फुगला होता. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरला जमिनीचा आधार मिळतो, त्यात मंडपाची पोकळ फळी. मी घाबरून स्टॉम्पवर बास कमी करायला गेलो होतो, कीबोर्डवाल्याने हात धरला. स्टेज मॉनिटरचा फुगारा दादांना सांगून त्या मॉनिटरवरच कापायचा. आपल्या पॅचला हात लावला तर समोर बसलेल्या लोकांचा टोन बिघडतो.

१४ सप्टेंबर

आतापर्यंतचा खर्च : आठ इंचीतला तोटा ६,०००, एचएस-५ जोडी २२,५००, पॅनेल सुतार-कापडासह आणि बुरशीच्या फेऱ्यासह ५,४००, केबल १,३५०, बारा इंचीचं भाडं तीन वेळा मिळून २,४००. एकूण ३७,६५०. वेळ अकरा आठवडे, त्यातले पहिले चार फुकट गेले.

२० ऑक्टोबर

दिवाळी पहाट, उघड्या मैदानात. इथे भिंतीच नाहीत, त्यामुळे टोन हॉलपेक्षा सडपातळ लागला. शिवाय पहाटेचा कार्यक्रम, आवाज बेताचा, म्हणजे पुन्हा फ्लेचर-मन्सनचाच मामला. पॅच बदलले नाहीत. स्टॉम्पच्या ग्लोबल ईक्यूमध्ये १५० च्या आसपास २ डीबी वाढवले, काम झालं. वहीत "मैदान : १५० ला +२" असं लिहून ठेवलं आणि घरी आल्यावर ग्लोबल ईक्यू आठवणीने शून्यावर आणला.

ए तार अजून खोलीत थोडी चढीच आहे, आलेखात ३ डीबी दिसते. मागच्या भिंतीची ओल आता वाळलीय. पुढच्या रविवारी तिथे दुसरं पॅनेल टांगून पुन्हा मोजणार आहे.